मार्गळीतली दातदुखी

आज पहाटे देवळावरच्या भोंग्यानं आधी खरखरून घसा साफ केला, मग देवाचं नाव घेतलं, आणि मी पांघरुणातूनच म्हटलं, आली मार्गळी. आमच्या तंजावरकडे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंतचा, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा हा महिना. थंडी म्हणावी तर थंडी नाही, पण आमचे लोक कानांना मफलर गुंडाळून असे फिरतात की जणू आत्ताच हिमालयातून उतरले. कालव्यावर धुकं. दारोदार अंगणभर रांगोळ्या आणि त्यांच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. शेतात सांबा भात मान खाली घालायच्या बेतात. सगळ्यांना हा महिना भक्तीचा. मला मात्र भोंगा वाजला की दाढ आठवते. माझी नव्हे, अण्णाची. आणि खरं सांगायचं तर अण्णाची दाढ कधी दुखलीच नव्हती.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, नागोजी. पापनाशमच्या अलीकडे, कालव्याच्या काठावर आमचं गाव. आम्ही मूळचे शिंपी. तंजावरच्या मराठा राजांचे अंगरखे शिवायला म्हणून इकडे आलो, असं आजोबा सांगायचे. खरं-खोटं त्या अंगरख्यांना ठाऊक. घरात मराठी, पण तीत निम्मी भांडीकुंडी तमिळ. देवनागरी अक्षरं तर मी चाळिशीनंतर शिकले. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवते, आणि अण्णाच्या घराला लागूनच माझ्या दोन खोल्या आहेत. मधली भिंत अशी की पलीकडे फोडणी तडतडली तरी शिंक मला यायची.

ओसरीवर अण्णाचं शिलाई मशीन. पुरुषांचे कपडे त्यानं कधीच सोडून दिले होते. तो फक्त ब्लाउज शिवायचा. आणि असे शिवायचा की आसपासच्या पाच गावांतल्या बायका कुंभकोणमचे झगमगीत टेलर सोडून आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या. टेप गळ्यात असायची, पण ती दागिन्यासारखी. बाई पायरी चढून येईतो त्याच्या डोक्यात माप तयार.

हा माणूस प्यायला कधी लागला हे मला सांगता येत नाही. पाऊस कधी सुरू झाला हे सांगता येतं, ओल कधी आली हे सांगता येत नाही. आधी रविवारी संध्याकाळी. मग रविवार जरा लवकर, म्हणजे शुक्रवारीच यायला लागला. शेवटी तर सकाळी पहिली कॉफी व्हायच्या आधी. घरात आम्ही त्याला ‘गॅस’ म्हणायचो. “ह्यांना आज गॅस झालाय,” सरसा वैनी म्हणायची, आणि ओसरीवर बसलेल्या बायका समजून मान डोलवायच्या. त्यांच्याही घरी गॅस होताच.

गावानं अण्णाचं सगळं सोसलं. तो कालव्यात पडला, लोकांनी काढला. देवळाच्या रथाशी भांडला, लोकांनी रथाच्या वतीनं माफ केलं. पण काही वर्षांपूर्वीच्या मार्गळीत, महिना नुकताच लागला असताना, त्यानं आमच्या हेडमिस्ट्रेस बाईंच्या नव्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बाई तो घालून शाळेत आल्या. दिवसभर त्यांचा उजवा हात कोणाला तरी रस्ता दाखवत असल्यासारखा बाहेर निघालेला. फळ्यावर लिहायला गेल्या तर टाका उसवला. स्टाफरूममध्ये मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “कमला टीचर, तुमच्या अण्णांचं काहीतरी करा. मनुष्य दारू पिऊ शकतो. ब्लाउज पिऊ शकत नाही.”

करायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न होता. दारूचं दुकान सायकलवर दहा मिनिटांत. दारू सोडवणारा माणूस कुठे भेटतो, हे मात्र गावात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नसलं की सल्ले फार मिळतात.

पहिला सल्ला दोऱ्याचा. वेशीबाहेरच्या देवळात जाऊन, देवापुढे शपथ घेऊन मनगटाला दोरा बांधायचा. दोरा आहे तोवर थेंब नाही. अण्णानं दोरा बांधला आणि खरोखर त्या क्षणापासून सोडली. वैनीनं गोड पायसम केलं. तिसऱ्या दिवशी त्याचे हात असे थरथरायला लागले की कात्री टेबलावर ताल धरू लागली. दुपारी त्यानं वैनीला हाक मारली, “अगं, ह्या पॉपलिनवरच्या मुंग्या झटक की. केवढी रांग लागलीय!” पांढरंशुभ्र कापड, एक मुंगी नाही. वैनी आणि मी एकमेकींकडे पाहून हसलो. ते हसू आजही मला टोचतं. अण्णा हसत नव्हता. तो घामानं थबथबला होता आणि बोटांनी एकेक मुंगी उचलून खाली ठेवत होता, मरणार नाही अशा बेतानं. संध्याकाळी त्यानं दोरा काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि दारूच्या दुकानाकडे गेला. परत आला तेव्हा मुंग्या गेल्या होत्या. त्यावरून घरात असं ठरलं की दारू हेच त्याचं औषध आहे.

दुसरा सल्ला पुडीचा. पापनाशमच्या बाजारात एक मनुष्य पुडी विकायचा. ‘त्याला न कळता जेवणात मिसळा’, एवढीच सूचना. चिमूटभर टाका म्हणाला होता. वैनीनं चमचाभर टाकली, कारण आपलं दुखणं मोठं. रसममध्ये ढवळली. त्या दिवशी अण्णा बाहेरच बोंडे खाऊन आला आणि न जेवता झोपला. आता एवढं रसम टाकायचं कसं? सकाळी शाळेला निघण्याआधी वैनी आणि मी, दोघी त्या पुडीचं विसरून, त्यातच भात कालवून जेवलो. दुसऱ्या तासाला नववी ब च्या वर्गात मी समीकरणाची डावी बाजू लिहिली आणि उजवी लिहायच्या आत खिडकी गाठली. पोरांनी असा आनंदाचा वर्ग त्या वर्षी दुसरा पाहिला नाही.

त्या पुडीनं एक भलं केलं. मला सरकारी आरोग्य केंद्रात नेऊन घातलं. तिथली डॉक्टर तरुण पोरगी, जेमतेम माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं नाडी धरली आणि विचारलं, “काय खाल्लं?”

“पुडी.”

“काय होतं तिच्यात?”

“माहीत नाही.”

“तुम्ही टीचर ना?”

मी रडायलाच लागले. मग गॅस, दोरा, बाह्या, मुंग्या सगळं सांगून टाकलं. मुंग्यांवर ती थांबली. “टीचर, ते हसण्यासारखं नव्हतं,” ती म्हणाली. “रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की शरीर असं करतं. झटके येतात, जीवही जातो. त्यांना घरी सोडवायला जाऊ नका. इस्पितळात, औषधं देऊन सोडवतात.”

“म्हणजे ह्याला डॉक्टर असतो?”

“असतो की. पापनाशमच्या इस्पितळात गुरुवारी मनाचे डॉक्टर येतात. एक वाजेपर्यंत.”

इतकी वर्षं आम्ही देव, दोरा, पुडी शोधत होतो. आणि डॉक्टर दर गुरुवारी, एका बसच्या अंतरावर, एक वाजेपर्यंत बसलेला होता. गावात लाउडस्पीकरवरून सगळं सांगतात, रेशन आलं, पाणी सोडलं, कुणाची म्हैस हरवली. हे तेवढं कुणी सांगितलं नाही.

अण्णा ऐकून संतापला. “मनाचा डॉक्टर? मी काय खुळा आहे? कमळे, मी हवं तेव्हा सोडीन.” त्यावर वैनीनं ह्याआधी ‘हवं तेव्हा’ सोडल्याची यादी मनातच वाचली असावी.

त्याला हलवलं ते पुष्पमनं. पुष्पम म्हणजे शेतात मजुरीला जाणारी बाई, वर्षातून एकच ब्लाउज शिवून घ्यायची, पोंगलचा. त्या सकाळी ती पायरीवर बसली होती आणि अण्णा सुईत दोरा ओवत होता. एकदा ओवला, चुकला. ओठांत ओला केला, चुकला. चौथ्यांदा, पाचव्यांदा. पुष्पम उठली, त्याच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई परत त्याच्या हातात दिली. पुन्हा पायरीवर जाऊन बसली आणि कालव्याकडे बघत राहिली, त्याला तोंड लपवायला वेळ मिळावा म्हणून.

दुपारी अण्णा माझ्या दारात उभा. “गुरुवार कधी आहे?”

“आज सोमवार.”

“अजून तीन दिवस?” असं म्हणाला, जणू आठवड्यानंच त्याला फसवलं होतं.

गुरुवारी मी रजा टाकली. वैनी, अण्णा आणि मी बसमध्ये चढलो. आता आमच्या गावची बस म्हणजे बस नव्हे, चाकांवरची पंचायत. कंडक्टरनं पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, “काय टीचर, शाळेच्या दिवशी टेलरला घेऊन कुठे?”

मी आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. पण बसमधली सगळी डोकी वळली आणि माझ्या तोंडातून निघालं, “अण्णाचे दात. फार दुखतायत.”

अण्णानं क्षणात गालावर हात ठेवला. एवढा चलाख तो महिन्याभरात दिसला नव्हता.

मग जे सुरू झालं! एकीनं लवंग काढली. एक म्हणाली, पेरूची पानं चावा. मागून एक म्हातारा म्हणाला, माझ्या वेळी दार आणि दोरी पुरायची. पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी तर सरळ “आ कर” म्हणून अण्णाचा जबडा धरला, आत डोकावल्या आणि जाहीर केलं, “बत्तीसच्या बत्तीस! मोत्यासारखे!” अण्णा कळवळून म्हणाला, “आतून दुखतायत, पाट्टी.” बसभर हळहळ झाली. आतून दुखणं काय असतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

इस्पितळात रांग. लाकडी बाकावर आमच्यासारखी बरीच माणसं, प्रत्येक जण चुकून इथे बसल्याचा चेहरा करून. डॉक्टर जाड भिंगांच्या चष्म्याचे, आवाज हळू. त्यांनी विचारलं, “रोज किती?”

“थोडीशी.”

“धंदा काय?”

“टेलर.”

“बाई आली आणि म्हणाली छाती थोडीशी, बाही थोडीशी, तर कापड कापाल?”

मग अण्णानं माप सांगितलं. बरोबर सांगितलं, सकाळचं, दुपारचं, लपवलेलं. वैनी माझ्या शेजारी बसली होती. तिला अर्धंच माहीत होतं. तिनं माझा हात धरला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. फक्त पिशवीतला पाण्याचा तांब्या काढून अण्णापुढे ठेवला. इतकं बोलून त्याच्या घशाला कोरड पडली असणार, एवढंच तिला दिसलं.

जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात त्याला दहा दिवस ठेवलं. वैनी सोबतीला. पहिले चार दिवस वाईट गेले; औषधं असूनही तो कापत होता, घाबरत होता, “मला तुरुंगात टाकलंस” म्हणून फोनवर मला नावं ठेवत होता. पाचव्या दिवशी फोनवर म्हणाला, “इथलं सांबार फार पाणचट आहे.” वैनीनं मागून सांगितलं, “कमळा, ह्यांना चव लागायला लागली!” मी शाळेच्या व्हरांड्यात एकटीच हसले.

इकडे ओसरीवर पोंगलच्या ब्लाउजांचे गठ्ठे आणि बायकांची रीघ. “दातांना दहा दिवस?” मी काय सांगणार? म्हटलं, “सगळेच काढावे लागले.” गावानं मनातल्या मनात अण्णाला बोळका करून टाकलं. पुष्पम तर त्याच्यासाठी मऊ भाताला म्हणून घरच्या तांदळाची कणी घेऊन आली.

आणि पोंगलच्या आदल्या आठवड्यात अण्णा बसमधून उतरला, थोडा वाळलेला, दाढी केलेला, आणि कंडक्टरकडे बघून मनापासून हसला. बत्तीसच्या बत्तीस. चहाच्या दुकानापाशी माणसं गोळा झाली. “काय कवळी बसवलीय! अस्सल वाटते!” “कुठे केली?” एकानं तर हलते का म्हणून बोट लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो मशीनवर बसला. हात पूर्ण थांबले नव्हते, पण सुई ऐकत होती. पहिला ब्लाउज त्यानं हेडमिस्ट्रेस बाईंचा कापला नाही, पुष्पमचाही नाही. वैनीला ओसरीवर बोलावलं. गळ्यातली टेप काढली. “उभी रहा. माप घेतो.”

“माझं? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तुम्हाला माझं माप ठाऊक नाही?”

“होतं,” अण्णा म्हणाला. “तू किती वाळलीस ते मी पाहिलंच नाही.”

मी घाईघाईनं आत गेले. भिंत पातळ असली तरी तिच्या पलीकडे जाण्याची वेळ असते.

त्यानंतर साधारण आठवड्यानं पुष्पम माझ्याकडे आली. पदराचं टोक पिळत म्हणाली, “टीचर, माझ्या नवऱ्याचेसुद्धा दात दुखतात.” आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला कळलं, आणि हेही कळलं की ओसरीवर बसणाऱ्या बायकांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी सांभाळून ठेवलं होतं. मी तिला दिवस, वेळ, बस सांगितली. मग दुसरी आली, “माझ्या दिराची दाढ.” तिसरी आली, “आमच्याकडे तर बापलेक दोघांचे दात.” पोंगलनंतरच्या थै महिन्यात कापणीची यंत्रं शेतात घरघरत असताना गुरुवारच्या बसमध्ये गालावर हात ठेवलेले पुरुष ओळीनं बसलेले दिसू लागले. कंडक्टर ओरडायचा, “दातवाले पुढे सरका!” अण्णा त्यांच्यात म्होरक्या. गोविंदसामी नावाच्या एका गृहस्थाची तर खरंच दाढ सुजली होती. तोही भोळेपणानं ह्यांच्यामागून त्याच रांगेत जाऊन बसला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? तो म्हणाला, “आज सकाळी सहाला, फिल्टर कॉफी.”

सगळेच काही सुधारले नाहीत. एक जण दुसऱ्या गुरुवारी उतरून परस्पर दारूच्या दुकानात गेला. पुष्पमचा नवरा तीनदा आला, दोनदा पळाला, आता बरा आहे. ती मात्र ‘बरा’ म्हणताना अजून लाकडाला हात लावते. आणि अण्णाही पडला. ओरत्तनाडूला एका लग्नाला गेला आणि तिथे घेतली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकाशी उभा. उन्हात, चपला हातात घेऊन, का कोण जाणे. “कमळे, मोडलं,” म्हणाला. मला राग यायला हवा होता, पण ह्याआधी तो कधी सांगायला आला नव्हता. नेहमी दुसरे येऊन सांगायचे. मी हेडमिस्ट्रेस बाईंकडे रजा मागितली. त्यांनी विचारलं, “दात?” मी म्हटलं, “नाही बाई, दारू.” त्या म्हणाल्या, “जा. वर्ग मी घेते.” गुरुवारी जाड भिंगांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाले, “आलात ना? बसा.”

आता ह्या गोष्टीला काही मार्गळी उलटून गेल्या. त्या लग्नानंतर अण्णा पुन्हा प्यालेला नाही. आजही गुरुवार आहे. पलीकडच्या गावातला कुणी एक मास्तर पहिल्यांदा चाललाय, एकट्याला लाज वाटते म्हणून अण्णा सकाळच्या बसनं त्याच्यासोबत गेलाय. शाळेला आज सुट्टी. वैनी दोन टंबलर कॉफी घेऊन माझ्याकडे आली. आम्ही पायरीवर उन्हाला बसलो. कॉफी संपली.

बऱ्याच वेळानं वैनी म्हणाली, “कमळा, इतकी वर्षं आपण दोघी काय बोलायचो गं?”

मी आठवून पाहिलं. “अण्णाबद्दल.”

“तेच की. कुठे गेले, कसे आले, आता काय करायचं. आता काय बोलायचं?”

खरंच सुचेना. समोर रांगोळीवरून एक कोंबडी चालत गेली. तिच्यावर थोडं बोलून झालं. मग वैनीनं पदर सारखा केला आणि जरा लाजत विचारलं, “एक विचारू? हसायचं नाही. मी आठवीत शाळा सोडली ना, तेव्हा नुकतंच ते सुरू झालं होतं. गणितात आकड्यांच्या मधेच एक्स यायचा. तो कोण, ते मला कळलंच नाही. विचारीन विचारीन म्हणत राहून गेलं.”

मी हसले नाही. रांगोळीच्या डब्यातलं पीठ चिमटीत घेतलं आणि पायरीवर एक्स काढला. “जे आपल्याला माहीत नाही, त्याला आधी एक नाव द्यायचं. मग शोधायचं.”

“नाव दिलं की सापडतं?”

“बहुतेक वेळा.”

वैनीनं त्या पांढऱ्या खुणेकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही टंबलर बाजूला सारले आणि एक पायरी खाली, विद्यार्थिनीसारखी, सरकून बसली.

“घाल एक गणित,” ती म्हणाली. “सोपं नको.”